वेगवान लिनक्स, पण कुणासाठी?

आईकडचा २०१५ सालचा लॅपटॉप अजून ठणठणीत आहे. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ त्याला दारातही उभं करत नाही. तेव्हा लिनक्स टाकायचं हे ठरलं. पण कुठलं?

मी पडलो वेगाचा भक्त. माझ्या स्वतःच्या मशिनवर कॅशीओएस आहे. डेबियनची पॅकेजेस २००३ च्या पहिल्यावहिल्या ६४-बिट प्रोसेसरवरही चालतील अशी बांधलेली असतात. कॅशीओएस आपली पॅकेजेस साधारण २०१३ नंतरच्या प्रोसेसरमधल्या नव्या इन्स्ट्रक्शन्स धरून कंपाइल करतं. म्हणजे फुकटात वेग. भारी ना?

जरा थांबा. आई लॅपटॉपवर करते काय? व्हिडिओ कॉल, बँकेचे व्यवहार आणि युट्यूबवरची कीर्तनं. सगळं क्रोममध्ये. आणि क्रोम तर गूगलच कंपाइल करून देतं, डेबियन काय नि उबुंटू काय, आत तेच! मग कॅशीओएसच्या मेहनतीचा फायदा कुणाला? दिवसभर कोड कंपाइल करणाऱ्या माझ्यासारख्याला. कीर्तन ऐकणाऱ्याला नाही :)

आपण ज्याला 'स्लो' म्हणतो ते बहुतेक वेळा वाट बघणं असतं. क्लिक केलं आणि काहीच हललं नाही, असं. त्यामागे बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क असते, नाहीतर भरलेली रॅम. त्यावर औषध म्हणजे एसएसडी, झेडरॅम आणि एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप. हे कुठल्याही डिस्ट्रोवर जमतं.

आणखी एक. इंटेलचं क्लिअर लिनक्स बेंचमार्कमध्ये भल्याभल्यांना मागे टाकायचं. जुलै २०२५ मध्ये इंटेलने ते बंद केलं, आणि सुरक्षा अपडेटही तिथेच थांबले. ज्या मशिनवर बँकेचा पासवर्ड टाइप होतो, तिथे हे परवडेल?

तर निकाल असा. आईला डेबियन १३, एक्सएफसीई आणि नवी एसएसडी. तीन वर्षं नेहमीचे अपडेट, पुढची दोन एलटीएसची. मला कॅशीओएस. रोलिंग अपडेटने एखाद्या सकाळी काही मोडलंच, तर दुरुस्त करायला मी समोर बसलेलो असतो. आई सांगलीत, मी बंगळुरात. तिथे मोडलं तर दुरुस्त कोण करणार?

डिस्ट्रो निवडताना बेंचमार्क जरूर बघा. पण ते मशिन कोण वापरणार, हे आधी विचारा.