वडाची सावली आणि कॉफीचा पेला

मांडवगण फराट्याच्या पंचक्रोशीत दिवस उजाडतो तो चहाच्या टपरीवर. ऊसतोडीची तारीख, मालाचा भाव, उधारीचा वायदा हे सारे अर्ध्या कपावर ठरते. तेथून दौंडला येऊन मुंबईची गाडी धरणारा व्यापारी फोर्टमधील काम आटोपताच परत फिरतो. त्याने अर्धा दिवस राखून तेथील कॉफीगृहे पायी पाहावीत. टपरीवरील अशाच बोलण्यांतून जगात केवढे बाजार उभे राहिले, याचा उलगडा तेथे होतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत गेल्यास थोड्याच वेळात हॉर्निमन सर्कल लागते. मध्ये वर्तुळाकार बाग, भोवती कमानींच्या इमारती, समोर टाऊन हॉलच्या रुंद पायऱ्या. येथील एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये ऑक्टोबर 2012 मध्ये टाटांच्या भागीदारीत स्टारबक्सचे भारतातील पहिले दुकान उघडले. उंच छत, लाकडी सजावट, कर्नाटकातील मळ्यांची कॉफी आणि लॅपटॉप उघडून बसलेली तरुण मंडळी. एका पेल्याची किंमत गावाकडील माणसाला दचकवते. पण त्या किमतीत जागेचे भाडेही धरलेले असते, हे हिशेबी माणसाने ध्यानी घ्यावे.

याच परिसरात, टाऊन हॉलसमोरील वडांच्या सावलीत, 1855 च्या सुमारास मुंबईचे शेअर दलाल जमत. ना पेढी, ना छत. सौदा शब्दावर होई. पुढे 1875 मध्ये त्यांची रीतसर संस्था झाली. तिच्या संस्थापकांत सुरतेचे जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद अग्रणी होते. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. दलाल स्ट्रीट येथून हाकेच्या अंतरावर आहे.

लंडनमध्ये वडाचे काम कॉफीगृहांनी केले. 1652 मध्ये पास्क्वा रोझे याने कॉर्नहिलजवळच्या गल्लीत तेथील पहिले कॉफीगृह काढले. एक पेनी मोजली की कॉफी मिळे आणि दिवसभराच्या वार्ताही. जोनाथनच्या कॉफीगृहात 1698 पासून जॉन कॅस्टेंग मालाचे व रोख्यांचे भाव कागदावर छापून देऊ लागला. 1773 मध्ये तेथील दलालांनी स्वतःची इमारत घेतली व तिला स्टॉक एक्स्चेंज हे नाव मिळाले. लॉइड्स ही विम्याची जगप्रसिद्ध संस्थाही एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहातच वाढली.

यानंतर पावले धोबीतलावाकडे वळवावीत. जेर महाल इमारतीतील कयानी अँड कंपनी 1904 पासून चालू आहे. येथे कॉफीपेक्षा चहाच अधिक खपतो; तरी वातावरण जुन्या युरोपीय कॉफीगृहाचेच. त्याची खूण म्हणजे वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. या घडणीची मूळ खुर्ची मिखाएल थोनेट याच्या कारखान्याने 1859 मध्ये काढली आणि ती व्हिएन्नाच्या कॉफीगृहांची ओळख बनली. तिचे अवघे सहा लाकडी भाग. सुटे करून एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. वाहतुकीचा खर्च वाचवण्याची ही युक्ती कोणत्याही व्यापाऱ्याने टोपी काढून दाद द्यावी अशी आहे. इराणी मंडळींनी घेतलेल्या जागा बहुधा कोपऱ्यावरच्या. इतर दुकानदार कोपरा अशुभ मानीत, म्हणून त्या यांना मिळाल्या असे सांगतात. दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक आत येते, याचा हिशेब इराण्यांनी केला.

आता मात्र गणित कठीण झाले आहे. स्वस्त चहावर तासभर बसणारे गिऱ्हाईक जुन्या, अल्प भाड्याच्या जागेतच परवडते. इमारत पाडावयाची ठरली, भागीदारांत फूट पडली किंवा मुलांनी गल्ल्यावर बसण्यास नकार दिला की शटर खाली येते. कयानीसमोरचे बस्तानी असेच काळाआड गेले. ज्या घरात दोन पिढ्यांची पेढी आहे, तेथे हा प्रश्न परका वाटणार नाही. मुलाला नव्या दुकानाचा थाट दिसतो, वडिलांना जुन्या गिऱ्हाइकाचा चेहरा. आणि दोघांचेही म्हणणे हिशेबाला धरूनच असते.

खाण्यापिण्याविषयी एक सूचना. या जुन्या गृहांत सामिष पदार्थही होतात व केकमध्ये अंडे असते. नियम कडक असल्यास चहावर समाधान मानावे. अन्यथा ब्रून-मस्का विचारून घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारीच निघावे. परतीच्या वाटेवर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो उभा राहिला व त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. दृष्टी गेलेल्या त्या माउलीला सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ या घड्याळाच्या टोल्यांवरून कळे, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.