राजाचा उपास

राजा म्हणजे आमचा कुत्रा. नाव राजाचं, पण भूक दुष्काळातल्या प्रजेची. शिळी पोळी असो की मुलीच्या वहीचा पुठ्ठा, त्याने कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. असा हा प्राणी एके दिवशी दूधभाताकडे पाठ करून पडला आणि आमच्या घरावर सुतक पसरलं.

हिने पेढा पुढे केला. आईने तूपसाखरेची पोळी आणली. मी तर त्याचा जबडा उघडून खिमट कोंबायच्या बेतात होतो. ‘पोटात गेल्याशिवाय ताकद कशी येणार?’ हा आमच्या घराण्याचा सिद्धान्त. काउंटर बंद होताना येणाऱ्या खातेदाराकडे मी ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने राजाने माझ्याकडे पाहिलं.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, “पायाची जखम पिकलीय. इंजेक्शन देतो. पाणी पुढे ठेवा, पण खाण्याचा आग्रह नको.”

घरी आल्यावर प्राणिशास्त्र शिकणाऱ्या कन्येने मला समजेल अशा भाषेत सांगितलं, “बाबा, जंतू शिरले की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-1 नावाचं परिपत्रक काढतात. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे हेड ऑफिसला पोचतं. तिथून हुकूम सुटतात : ताप चढवा, भूक बंद करा. शिवाय पिट्युटरीमार्फत मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला कळवलं जातं, कॉर्टिसॉल सोडा. हे तणावाचं संप्रेरक शरीरातली शिल्लक मोडून साखर पुरवतं आणि उलट त्या पांढऱ्या पेशींनाच दटावतं, पुरे आता! हेड ऑफिसला जाग येते ती या परिपत्रकामुळेच, हे 1987 साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं.”

ज्याने परिपत्रक काढलं त्यालाच लगाम! इतक्या वर्षांच्या नोकरीत आमच्या बँकेत असं काही घडलेलं मी पाहिलेलं नाही.

“आणि 1979 साली,” ती पुढे म्हणाली, “जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना नळीने बळेबळे भरवलं, तर ते न भरवलेल्यांपेक्षा जास्त मेले. आणि लवकर मेले.”

मी खिमटाची वाटी हळूच खाली ठेवली. माझ्या मायेने राजा जाता जाता वाचला होता. चौथ्या दिवशी तो उठला आणि पेढ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळी थकबाकी त्याने वसूल केली.

पुढच्या महिन्यात मला फ्लू झाला. “लंघन!” ही म्हणाली.

“अगं, तो जंतूंचा नियम. 2016 साली येल विद्यापीठात फ्लू झालेल्या उंदरांना खाणं मानवलं होतं. हा विषाणू आहे.”

“अहो, कालपर्यंत कुत्र्याचा दाखला होता, आज उंदराचा?” असं म्हणून तिने शिरा केलाच. पण पहिल्याच चमच्याला पोट ढवळलं. हेड ऑफिसचा हुकूम माझ्याही शाखेत पोचला होता. आई म्हणाली, “एक घास माझ्यासाठी.” ही म्हणाली, “दोनच चमचे हो.”

राजा मात्र येऊन खाटेला टेकून बसला. मला ‘खा’ न म्हणणारा घरात तो एकटाच. मी शिऱ्याची वाटी गुपचूप त्याच्यापुढे सरकवली.