चेहऱ्याचा साचा

मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर प्लॅस्टर घालून घेतलेल्या ठशाला ‘डेथ मास्क’ म्हणतात. १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर नेपोलियन वारला, तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा असा ठसा घेतला होता. आपल्याकडे मय्यतीचं तोंड शेवटचं पाहतात, कफन बांधतात आणि तिला मातीच्या हवाली करतात. मागे राहते ती दुआ, चेहरा नाही.

शाळेच्या सहलीत औंधच्या भवानी संग्रहालयात हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प पाहिलं आणि मला या कलेचा नाद लागला. मुसलमानाच्या मुलीनं चेहरे घडवावेत का, यावर साताऱ्याच्या आमच्या घरात बरेच वाद झाले. सांगलीत शिकताना शेवटच्या वर्षी स्वतःचं व्यक्तिशिल्प करायचं होतं. मी डेथ मास्क निवडला.

मैत्रिणीनं माझ्या चेहऱ्यावर, भुवया-पापण्यांवर जरा जास्तच, व्हॅसलीन चोपडलं. हाड मोडल्यावर वापरतात त्या प्लॅस्टरच्या पट्ट्या ओल्या करून, नाकपुड्या मोकळ्या ठेवून थर दिले. प्लॅस्टर घट्ट होताना तापतं. पातळ थर सोसवतो. लगद्यात अवयव बुडवणं मात्र घातक. २००७ मध्ये इंग्लंडात एका शाळकरी मुलीनं प्लॅस्टरच्या बादलीत हात घातले आणि तिची बहुतेक बोटं गेली. वीस मिनिटं मी निपचित पडून होते. मरणाचा विचार काही आला नाही, नाकाला खाज तेवढी सुटली. मग साच्याला आतून साबणाचं पाणी लावून प्लॅस्टर ओतलं.

मुखवटा घरी नेला. “घरात नको, फरिश्ते येत नाहीत,” अम्मी म्हणाली. तो पडवीत राहिला.

माझी नानी मोहल्ल्यातल्या बायकांच्या मय्यतीला गुस्ल द्यायची. तिनं मुखवटा मांडीवर घेतला, कपाळावरून अंगठा फिरवला.

“ही मेलेली नाही गं. इथं आठी आहे. श्वास धरलाय हिनं. मय्यतीचं कपाळ मोकळं असतं. जबडा सुटतो, म्हणून तर आम्ही पट्टी बांधतो.”

मी मुखवट्याला हात लावला नाही, फक्त नाव बदललं : ‘श्वास धरलेली’.

सरांनी तेव्हा पॅरिसच्या एका अनोळखी मुलीची हकिकत सांगितली. सीन नदीत बुडालेली मुलगी म्हणून तिचा मुखवटा घरोघरच्या भिंतींवर लागला. १९६० मध्ये नॉर्वेच्या आसमुंड लेर्डाल यांनी तोंडानं श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली केली, तिला हाच चेहरा दिला. पण बुडालेल्याचा चेहरा इतका तुकतुकीत राहत नाही, तो ठसा जिवंत मुलीचाच असावा, असं अनेक जाणकार म्हणतात. नानीनं हे अंगठ्यानं ओळखलं असतं.

पुढे नानी गेली. तिचा फोटो एकच, हजच्या पासपोर्टवरचा. घरात प्लॅस्टरची अर्धी गोणी पडून होती. ठसा घ्यावा असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात मोठ्या खालानं हाक मारली, “पाणी घालायला ये.” मी पहिल्यांदाच गुस्लाला उभी राहिले. मीच पट्टी बांधली. नानीचं कपाळ खरंच मोकळं होतं. लहानपणापासून पाहिलेली तिची आठी कुठेच नव्हती.

आता मोहल्ल्यात कुणी बाई गेली, की मलाही बोलावणं येतं. चेहरे मी अजून घडवते. अम्मी ते अजून पडवीतच ठेवायला लावते.