बाबांचा पंप आणि ती एक गोळी

परवा अकोल्याहून मावशीचा फोन आला. काकांच्या कंबरेचं दुखणं आता रात्री झोपूही देत नाही म्हणाली. मग हळूच विचारलं, "तुझ्या बाबांच्या पोटात तो पंप बसवलाय नं, तसा आमच्या यांना बसवावा का गं?" फोनवर पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं हे नव्हतं, म्हणून लिहायला बसले. मावशी, पूर्ण वाच गं. मधलं गाळून शेवटावर जाऊ नकोस, मधलंच महत्त्वाचं आहे.

बाबा एस.टी.त मेकॅनिक होते. तीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर झोपून काम केलं. निवृत्तीनंतर मणक्याची एक शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी झाली, पण दुखणं काही गेलं नाही. उलट डाव्या पायात कोणी तापलेली सळई फिरवतंय असं ते म्हणायचे. फिजिओथेरपी, मणक्यातली इंजेक्शनं, नसांच्या दुखण्याच्या गोळ्या, शेवटी मॉर्फिनच्या गोळ्या, सगळं झालं. मॉर्फिनने दुखणं थोडं उतरायचं, पण बाबा दिवसभर पेंगायचे आणि बद्धकोष्ठतेने हैराण व्हायचे. आई गेल्यापासून ते आमच्याकडे राजापेठेतच असतात. त्यामुळे रात्रीचं ते कण्हणं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी पंपाचं सुचवलं. कल्पना तशी साधी आहे. पोटाच्या कातडीखाली एक गोल चपटी डबी बसवतात, आणि तिच्यातून निघालेली बारीक नळी मणक्यातल्या पाण्यात सोडतात. मज्जारज्जू ज्या द्रवात तरंगतो, तेच हे पाणी. औषध रक्तातून सगळ्या अंगभर फिरण्याऐवजी थेंबाथेंबाने थेट मज्जारज्जूपाशी पोचतं. 1979 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांना मणक्यात थोडंसं मॉर्फिन देऊन त्याचा परिणाम छापला होता. पंपाचा रस्ता तिथून पुढे निघाला. ढोबळ हिशेब असा सांगतात की तोंडाने घेतलेल्या 300 मिलिग्रॅम मॉर्फिनचं काम मणक्यात साधारण 1 मिलिग्रॅम करतं. हा आकडा मी तेव्हा कौतुकाने ऐकला होता. त्याची भीती वाटायला अजून वेळ होता.

पंप लगेच बसवत नाहीत. आधी थोडं औषध मणक्यात देऊन बघतात. मनाची तयारी आहे का, घरी बघायला कोणी आहे का, अपेक्षा काय आहे, हेही विचारतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दुखणं शून्य होणार नाही. निम्मं झालं तरी आपण जिंकलो." आणि तसंच झालं. दहापैकी नऊ असलेलं दुखणं चारावर आलं. दोन महिन्यांनी बाबा एकटेच राजापेठ चौकापर्यंत चालत गेले आणि गरम कचोऱ्या घेऊन आले. मी ओरडले. ते म्हणाले, "काऊन ओरडतं? चार वर्षांनी पाय चालू रायला माह्या!" मी कचोरी खाल्ली आणि मोरीत जाऊन रडले.

आता ती रात्र. 2023 चे गणपती. आम्ही आदल्याच दिवशी मुंबईहून परतलो होतो. दर तीन महिन्यांनी पंप भरायला जावं लागतं, आणि त्या वेळी दुखणं वाढलं म्हणून डोसही थोडा वाढवला होता. गल्लीत ढोल वाजत होते. बाबांना झोप येईना. अकरा वाजता म्हणाले, "ते झोपीची गोळी हाय का वं जुनी?" डब्यात होती. पंपाच्या आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दिलेली, अल्प्राझोलामची. ती मी दिली, माझ्या हाताने, वरून पाण्याचा पेलाही.

दोन वाजता उठले तेव्हा ढोल थांबले होते, आणि बाबांच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. कण्हणं नाही याचा एक क्षण आनंदच झाला, खोटं कशाला सांगू! मग बघितलं तर ओठ काळसर. हाक मारली, हलवलं, डोळे अर्धवट उघडून परत मिटले. मोबाइल समोर धरून श्वास मोजले, मिनिटाला सात. मोठ्या माणसाचे बारा ते वीस असायला हवेत. ह्यांनी 108 ला फोन लावला, मी बाबांना कुशीवर वळवून मोठमोठ्याने बोलत राहिले, "बाबा, श्वास घ्या." आणि ते घ्यायचे, मी सांगितलं की घ्यायचे.

दवाखान्यात मी दोन गोष्टी सांगितल्या: पोटात मॉर्फिनचा पंप आहे, आणि ही गोळी दिलीय. पाकिटातलं पंपाचं कार्ड पुढे केलं. ऑक्सिजन लावला, मॉर्फिनचा उतारा म्हणून नॅलोक्सोन दिलं. पण ते औषध लवकर उतरतं आणि पंप तर आत चालूच असतो, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. पंपाचा वेग कमी करायला खास यंत्र लागतं. ते मुंबईच्या डॉक्टरांकडे होतं, आमच्या गावात नव्हतं. सकाळपर्यंत गोळीचा अंमल ओसरला आणि बाबांनी चहा मागितला. दोनच दिवसांनी मुंबईला जाऊन डोस कमी करून आणला.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पंपाला माहीत नसतं की तुम्ही वरून काय दिलंत." त्या दिवसापासून मी एक वही केली. मावशी, पंप बसवायचा असेल तर आधी वही घे.

वहीत पहिल्या पानावर पंपात कोणतं औषध, किती तीव्रतेचं, रोज किती, हे लिहिलंय. दुसऱ्यावर वर्ज्य गोष्टी: झोपेच्या गोळ्या, दारू, गुंगीची खोकल्याची औषधं, मुंबईला विचारल्याशिवाय कुठलीही नवी गोळी. पंपाच्या जागी शेकायची पिशवी नको. फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक तर अजिबात नको. एम.आर.आय.च्या चुंबकाने पंपाची मोटर थांबते, म्हणून आधी कळवायचं आणि नंतर पंप तपासून घ्यायचा. तिसऱ्यावर धोक्याची चिन्हं: जास्त गुंगी, मंद श्वास, टाचणीएवढ्या बाहुल्या. हे झालं औषध जास्त पडल्याचं. घाम, कापरं, जुलाब, अचानक परतलेलं दुखणं हे कमी पडल्याचं. ताप आणि ताठ मान म्हणजे जंतुसंसर्ग. पायात नवा बधिरपणा किंवा कमजोरी आली तर नळीच्या टोकाशी गाठ झालेली असू शकते. पंपातून बीप ऐकू आली तर तारखेची वाट बघायची नाही.

आणि भरण्याचा दिवस. आधी सुईने उरलेलं औषध काढून यंत्राच्या हिशेबाशी ताडतात, मग नवीन भरतात. सुई पंपात न जाता बाजूला कातडीखाली गेली तर तीन महिन्यांचं औषध एकदम अंगात भिनू शकतं. म्हणून भरल्यावर लगेच गाडी पकडायची घाई आम्ही आता करत नाही. किती उरलं, किती भरलं, दोन्ही आकडे विचारून वहीत उतरवते. तारीख चुकवणंही तेवढंच वाईट. लग्नकार्य असो की पंचमी, पंप रिकामा होऊ द्यायचा नाही.

मॉर्फिनशिवाय दुसरं औषधही जगात आहे. झिकोनोटाइड नावाचं, समुद्रातल्या एका विषारी गोगलगायीच्या विषाची रचना बघून बनवलेलं. अमेरिकेत 2004 साली त्याला मंजुरी मिळाली. त्याने श्वास मंदावत नाही, अचानक बंद केलं तरी मॉर्फिनसारखा त्रास होत नाही. पण भ्रम, विस्मरण, मन बिघडणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून डोस अगदी सावकाश वाढवतात. म्हणजे तिथेही घरच्या माणसाचं लक्ष लागतंच.

तर मावशी, बसवावा का? बाकी सगळे उपाय खरंच संपले असतील, चाचणीत फरक पडला, खर्च झेपला, आणि भरायला कुठे जायचं ते आधीच ठरलं, तर बसव. बॅटरी साधारण चार ते सात वर्षं टिकते, मग पुन्हा शस्त्रक्रिया, हेही धरून चाल. आणि घरात एक माणूस असा ठेव जो रात्री उठून श्वास मोजेल.

बाबांना मी त्या गोळीबद्दल माफी मागितली होती. ते म्हणाले, "तुले कोनी सांगतलं होतं का? मंग!" सांगितलं होतं खरं तर. पहिल्याच दिवशी हातात कागद दिला होता. तो मी फाइलमध्ये नीट ठेवला होता, वाचला नव्हता.

तो कागद आता फ्रिजवर चिकटवलाय. कालनिर्णयवर पुढची तारीख लाल पेनाने गोल केलीय. जुन्या गोळ्यांचा डबा घरात नाही. काकांना नमस्कार सांग, आणि मुंबईला दाखवायला जाल तेव्हा कळव. मी वही घेऊन येते.