सहा पीएसआय

टर्बो लावणार म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, टर्बो केवढ्याला पडला? मला ₹18,000 ला पडला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाला. वापरलेला, पण शाफ्टला खेळ नसलेला. या सगळ्या उद्योगातला हा जवळजवळ सर्वांत स्वस्त भाग. माझी मर्यादा दीड लाखाची होती. दोन वर्षं साठवलेले पैसे, कर्ज नाही.

गाडी म्हणजे बाबांची फियाट पॅलिओ 1.6. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलीही नसेल. 2001 मध्ये पॅलिओ आली तेव्हा जाहिरातीत सचिन होता, आणि 1.6 मध्ये साधारण 100 हॉर्सपॉवर होती. तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या पन्नास-साठवर दमायच्या. पेट्रोल मात्र अशी प्यायची की आई तिला ‘तुमची म्हैस’ म्हणायची. बाबा फियाटच्या कुर्ल्याच्याच कारखान्यात असेंब्लीवर होते. मी टर्बोचं काढल्यावर ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “लाव. पण हे इंजिन फुटलं तर दुसरं मी शोधणार नाही, आणि तुला मिळणार नाही.”

ते खरं होतं. गाडी केव्हाच बंद झालीये. म्हणून आधी त्यांनी स्वतः कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर तपासले. आकडे जवळजवळ सारखे आले तेव्हाच पुढचं बोलायला बसलो.

हिशेब सोपा आहे. साधं इंजिन वातावरणाच्या दाबावर श्वास घेतं, म्हणजे समुद्रसपाटीला 14.7 पीएसआय. टर्बोने त्यात सहाची भर घातली की हवा सुमारे 40 टक्के वाढते. कागदावर 100 चे 140 होतात. पण दाबलेली हवा तापते, थोडं तिथे जातं, थोडं एग्झॉस्टच्या अडथळ्यात. हाती 125-130 आले तरी पुष्कळ.

गोची पुढे आहे. हवा 40 टक्के वाढली तर पेट्रोलही तेवढंच वाढायला हवं. ते कमी पडलं किंवा स्पार्क जरा लवकर पडला, की सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. हे नॉकिंग. पिस्टनवर आतून हातोडा मारल्यासारखं. मूळचं टर्बो नसलेलं इंजिन जास्त कॉम्प्रेशन रेशोवर बांधलेलं असतं, त्यामुळे इथे माफी कमी. रेशो उतरवायचा तर इंजिन उघडा, फोर्ज्ड पिस्टन बनवून घ्या, आणि दीड लाखाला तिथेच नमस्कार करा. त्यापेक्षा बूस्ट कमी ठेवायचा. सहा.

म्हणून माझे खरे पैसे न दिसणाऱ्या गोष्टींत गेले. प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू ₹40,000. मोठे इंजेक्टर. मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर. डायनोवरचा एक दिवस ₹15,000. क्लच आणि ब्रेक पॅड. इंटरकूलर मात्र भंगारातल्या डिझेल गाडीचा, ₹5,000 ला, आणि उत्तम चालला. टर्बोही डिझेलचाच घ्या असं सांगणारे खूप भेटतात. मी घेतला नाही. पेट्रोलचा एग्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच गरम असतो, सगळेच डिझेल टर्बो तो फार काळ सोसत नाहीत.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तेलाच्या परतीच्या नळीने. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. ते तेल नुसत्या उतारावर संपमध्ये परत यायला हवं, तुंबलं तर सील गळतं आणि मागून निळा धूर. बाबांनी संप उतरवला, तेलाच्या पातळीच्या वर भोक पाडून बंग वेल्ड करून घेतला. “नळी अंगठ्याएवढी घे, करंगळीएवढी नको,” म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांना इतक्या उत्साहात मी पाहिलं नव्हतं.

बजेटमध्ये कुणी न धरणारी गोष्ट म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ₹5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण. त्यामुळे पॅलिओ आता रस्त्यावर धावत नाही. फ्लॅटबेडवर चढून खासगी धावपट्टीवर जाते, आणि दरवेळी फ्लॅटबेडचं भाडं मला चावतं.

डायनोवर 128 आले. ट्यूनर म्हणाला, “बॉस, अजून खूप दम आहे हिच्यात. वेस्टगेटची स्प्रिंग बदलू, दहावर नेऊ?” मी बाबांकडे बघितलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. सहावरच ठेवलं.

धावपट्टीवर मी चार फेऱ्या मारल्या. तीन हजारांच्या पुढे सीट पाठीला चिकटते, आणि तो फुस्स आवाज ऐकून मी एकटाच गाडीत हसत होतो. मग बाबांना चावी दिली. बाबा आयुष्यभर अडीच हजारांवर गिअर बदलत आले, तसेच बदलत गेले. टर्बो जागाच झाला नाही. परत येऊन काच खाली करत म्हणाले, “छान चालते. पहिल्यासारखीच आहे.”