पंप चालू, टाकी कोरडी

डोंबिवली, रविवार. सोसायटीचा पंप सकाळी नुसताच गुरगुरत होता. गच्चीवरच्या टाकीत थेंब नाही. प्लंबर म्हणाला, “काका, हवा धरलीय. फूटव्हॉल्व्ह बघू.” झडपेत कचरा अडकला होता. त्यामुळे पंप थांबला की सक्शन पाइपातलं पाणी खालच्या टाकीत उतरून जायचं. झडप साफ केली, पाइप पाण्याने भरला, पंपाने पाणी उचललं.

शिडाच्या बोटीवरही दुखणं हेच. नळ फुसफुसत असेल तर बहुधा पंपाच्या अलीकडे हवा शिरते. सगळे नळ बंद असताना पंप मधूनच सुरू झाला, तर आधी पलीकडची गळती शोधायची. एवढं कळलं तरी अर्धं काम वाचतं.

दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. वाटेत फक्त चार थांबे. अशा माणसाला स्वतःच प्लंबर व्हावं लागतं, आणि मला त्या कसबाचं शिडं हाताळण्याइतकंच अप्रूप वाटतं. आमच्या कल्याणच्या खाडीत शिवरायांनी आरमार उभारलं, त्या गलबतांवर गोडं पाणी कसं राखत असतील?

पुढच्या रविवारी टाकी धुवायची. फूटव्हॉल्व्हला नवी जाळीही बसवून घ्यायची.