गाडी लागते का?

भूल देण्याआधीच्या तपासणीत दमा, रक्तदाब, साखर, दातांची कवळी, आधीची ऑपरेशनं असं सगळं विचारून झालं की एक प्रश्न मी हमखास विचारते, "ताई, तुम्हाला गाडी लागते का?" पित्ताच्या खड्यांसाठी दाखल झालेली बाई जरा चमकते. पोटाच्या ऑपरेशनशी एसटीचा काय संबंध, असं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. बऱ्याचदा तिच्याआधी नवराच बोलतो, "अहो मॅडम, कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आत हिला खिडकी लागते." मी कागदावर खूण करते. तिला कोणती भूल द्यायची, कोणती औषधं कधी द्यायची, यातलं बरंचसं त्या एका उत्तरावर ठरतं.

ऑपरेशननंतरची मळमळ आणि उलटी भुलेइतकीच जुनी आहे. 1846 साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जगापुढे आली आणि 1848 मध्येच लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी भुलेनंतरच्या उलट्यांबद्दल लिहून ठेवलं. ईथर मागे पडलं, औषधं सुधारली, तरी काहीच खबरदारी घेतली नाही तर आजही भूल दिलेल्या शंभरांतल्या साधारण तीस जणांना उलटीचा त्रास होतो. वॉर्डात मात्र एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "भुलेनं होतंच थोडं, उद्यापर्यंत थांबेल." या वाक्याशी माझं भांडण आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डमध्ये रुग्णांना विचारलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला कोणता त्रास सगळ्यात नको? 1999 साली ती उत्तरं प्रसिद्ध झाली. यादीत सर्वांत वर दुखणं नव्हतं, उलटी होती. आपण ज्याला किरकोळ म्हणतो, त्याचीच रुग्णाला सगळ्यात जास्त धास्ती असते.

पित्ताशयाच्या बाबतीत तर ती धास्ती रास्तच आहे. 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि आपल्याकडे या शस्त्रक्रियेचं रूपच पालटलं. बरगडीखालचा लांब छेद गेला, चार छोटी छिद्रं आली, आठवड्याचा मुक्काम एक-दोन दिवसांवर आला. पण दुर्बिणीला आत जागा हवी, म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो. त्या दाबानं पोटाचं अस्तर ताणलं जातं, आतडी डिवचली जातात आणि त्यांचे संदेश मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जात राहतात. वरून भुलेचे वायू आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं तेच केंद्र चाळवतात. टाके ताजे असताना ओकारीचा प्रत्येक झटका पोटातून कळ काढतो. गोळी पोटात टिकत नाही, पाणी टिकत नाही, आणि संध्याकाळी घरी जाऊ शकणारी बाई रात्रभर सलाइनवर पडून राहते.

कोणाला त्रास होणार, हे आधी सांगता येतं का? बऱ्याच अंशी येतं. डॉ. क्रिस्तियान आप्फेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनी आणि फिनलंडमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून 1999 मध्ये एक सोपा हिशेब मांडला. चारच गोष्टी बघायच्या: रुग्ण स्त्री आहे का, धूम्रपान करत नाही का, आधीच्या भुलेनंतर उलट्या झाल्या होत्या का किंवा गाडी लागते का, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातलं वेदनाशामक द्यावं लागणार का. यांतलं काहीच नसेल तर धोका शंभरात दहाचा. एक असेल तर वीस, दोन असतील तर चाळीस, तीन असतील तर साठ, चारही असतील तर ऐंशी.

आता आमच्याकडची पित्ताच्या खड्यांची रुग्ण डोळ्यांसमोर आणा. हे खडे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात, आणि आमच्या भागातल्या बायका विडी-सिगारेट ओढत नाहीत. कुणी मिश्री लावत असेल, पण हा हिशेब धुराचा आहे, मिश्रीचा नाही. म्हणजे टेबलावर यायच्या आधीच दोन गुण झाले. त्यात घाटात खिडकी लागणारी असेल तर तीन. ऑपरेशननंतर सवयीनं ट्रॅमाडॉल लिहिलं की चौथा गुण आम्हीच बहाल करतो. पहिल्या तीन गोष्टी बदलणं कुणाच्याच हाती नसतं. चौथी मात्र पूर्णपणे आमच्या हातात असते, म्हणून माझं काम तिथून सुरू होतं. सर्जनना मी आठवण करते, की छिद्रांच्या जागी बधिर करणारं ब्युपिव्हकेन भरा. त्याच्या जोडीला पॅरासिटॅमॉल आणि, मूत्रपिंडं व पोट ठीक असेल तर, सूज उतरवणारं एखादं वेदनाशामक. दुखणं अंगावर काढायला मी कुणालाच सांगत नाही. ते दुसऱ्या वाटेनं शमवता आलं, तर अफूवर्गाचं औषध थोडक्यात भागतं. पोटातला दाब शक्यतो बाराच्या आसपास ठेवा आणि शेवटी वायू नीट काढून टाका, हेही मी सर्जनना सांगते. खांदेदुखीसुद्धा त्यानं कमी होते.

औषधांचं गणित मला फार मोलाचं वाटतं. 2004 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला. पाच हजारांहून अधिक रुग्ण, सहा उपाय आणि त्यांच्या चौसष्ट जोडण्या. ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल ही तिन्ही औषधं धोका साधारण सारखाच, सुमारे एक चतुर्थांशानं, कमी करतात असं दिसलं. भुलेच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर भूल चालू ठेवली तर तो आणखी सुमारे एक पंचमांशानं उतरतो. प्रत्येक उपाय आपापल्या वाटेनं काम करतो, त्यामुळे एकाचा उपयोग दुसऱ्यानं वाया जात नाही.

ऐंशीच्या धोक्याची बाई घ्या. एका औषधानं ती साठावर येते, दुसऱ्यानं पंचेचाळिसावर, तिसऱ्यानं चौतिसावर, आणि प्रोपोफॉलची भूल धरली तर सत्तावीसच्या आसपास. एकच जादूची सुई शोधत बसणाऱ्याची इथे निराशा होईल. उलट ज्याचा धोका मुळात दहाचा आहे, त्याला तेच औषध देऊन अडीचचाच फायदा, आणि डोकेदुखी, बद्धकोष्ठ असे दुष्परिणाम मात्र पूर्ण. म्हणून सगळ्यांना एकच ठरलेलं इंजेक्शन टोचण्याला माझा विरोध आहे. आधी माणूस विचारून घ्यायचा, मग औषध ठरवायचं.

वेळही सांभाळावी लागते. डेक्सामेथासोनचा गुण यायला वेळ लागतो, म्हणून ते भुलेच्या सुरुवातीला द्यायचं, आणि तेही रुग्ण झोपल्यावर. जागेपणी पटकन दिलं तर गुप्तांगाजवळ मुंग्या आणि जळजळ उठते, बाई घाबरून जाते. मधुमेही असेल तर साखरेवर लक्ष ठेवायचं. ऑन्डॅनसेट्रॉन शेवटाकडे, टाके घालताना, म्हणजे जाग येताना त्याचा भर असतो. हृदयाच्या आलेखात काही खटकत असेल तर तेही तपासून घ्यायचं. दोन्ही औषधं काही रुपयांत मिळतात. महागडं यंत्र नसलेल्या छोट्या रुग्णालयातही हे सगळं जमतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

काही गोष्टींना तर औषधही लागत नाही. "रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" ही सूचना अजून घरोघर पाळली जाते. दुपारी दोनला नंबर लागलेली बाई तोंडाला कोरड पडून, चक्कर घेऊन टेबलावर येते. घट्ट जेवण आधी सहा तास नको, तेलकट असेल तर आठ तास नको. पण ज्याचं पोट नीट रिकामं होतं, त्यानं भुलेआधी दोन तासांपर्यंत साधं पाणी प्यायला हरकत नसते. शरीरात पाणी पुरेसं असलं की मळमळ कमी होते, म्हणून सलाइनही मी हात आखडून देत नाही. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांमध्ये जो दाबबिंदू आहे, त्याचाही उपयोग अनेक अभ्यासांत दिसला आहे. रिकव्हरीत बसलेल्या लेकीला मी तो दाखवून ठेवते. आईसाठी आपल्याला काही करता येतंय, याचा तिलाही धीर वाटतो.

रिकव्हरी रूममध्ये ट्रॉली हळू वळवायची, झटक्यात उठवून बसवायचं नाही. घाटात ज्या वळणांनी त्रास होतो, तीच इथे नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विचारायचं. उलटी डोळ्यांना दिसते, मळमळ दिसत नाही. आमच्या बायका सोसणाऱ्या. डोळे मिटून, ओठ आवळून पडतात, सिस्टर गेली की उशीत तोंड खुपसतात. "मावशी, कसंतरी होतंय का?" असं थेट विचारल्याशिवाय त्या बोलत नाहीत. त्रास सुरू झालाच, तर आधी दिलेलंच औषध काही तासांत पुन्हा देऊन फारसं साधत नाही. दुसऱ्या वाटेनं काम करणारं निवडावं लागतं. नातेवाईक शहाळं आणि बिस्किटं घेऊन दारात उभे असतात. त्यांचं प्रेम मला कळतं, तरी सांगते, की तिला तहान लागू द्या, ती मागेल तेव्हा घोट-घोट द्या, आग्रह नको. घरी गेल्यावर पहिल्या दिवसातही मळमळ उफाळू शकते. जिला धोका जास्त, तिच्या औषधांच्या पिशवीत जिभेवर विरघळणारी गोळी असावी आणि ती कधी घ्यायची, हे तिला नीट समजावलेलं असावं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन: भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, की मला गाडी लागते, मागच्या भुलेनंतर मी दोन दिवस ओकत होते. ही तक्रार नाही, तपासणीतली माहिती आहे. आणि माझ्या व्यवसायबंधूंना आणि सिस्टरना एक विनंती आहे. नाडी, रक्तदाब, वेदना यांच्या नोंदींशेजारी मळमळीचाही रकाना आखा, शून्य ते दहा, दर तासाला. जे लिहिलं जातं त्याच्यावरच उपाय होतो. दुखण्याचा रकाना आला तेव्हापासून दुखणं मोजलं जाऊ लागलं आणि त्यावर वेळेत औषध मिळू लागलं. मळमळीलाही तोच मान हवा. पित्ताशय काढणं ही शस्त्रक्रिया असेल, तर रुग्णाला त्यानंतरचा दिवस नीट घालवता येणं हाही तिचाच भाग आहे.